हात बरे होतात आणि पुन्हा फुटतात: साबण-लिक्विडचा त्रास कुठून येतो, कसा थांबवायचा

तक्रार साधारण अशी असते. आधी बोटांच्या बेचक्यांत कोरडेपणा, मग पापुद्रे, मग लाली, आणि थंडी सुरू झाली की भेगा. लिंबू पिळताना, मीठ चिमटीत घेताना झोंबतं. मेडिकलमधून एखादी ट्यूब येते, चार-पाच दिवसांत हात छान दिसायला लागतात, ट्यूब बंद होते आणि पंधरा दिवसांत सगळं जिथल्या तिथे. मग ट्यूब बदलते, साबण बदलतो. कोणी म्हणतं कडुलिंब लावा, कोणी म्हणतं अंगात उष्णता वाढलीय, ताक प्या. माहेरी आठ दिवस राहून आलं की मात्र हात सुधारलेले असतात. ही शेवटची गोष्ट बायका हसत हसत सांगतात, पण कारण शोधायला सगळ्यात उपयोगाची तीच आहे.

मी डिटर्जंट आणि भांड्यांचं लिक्विड बनवणाऱ्या उद्योगात, प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल कमी आणि बाटलीत काय असतं, ते कातडीचं काय करतं, याबद्दल जास्त लिहिते.

बरं दिसणं आणि बरं होणं

पुन्हापुन्हा होणाऱ्या त्रासाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी साधारण 15 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. या थराची रचना त्वचाशास्त्रात भिंतीसारखी सांगतात: पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचं मिश्रण. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं काही आत येऊ न देणं, दोन्ही कामं ही भिंत करते. तळहाताला हा थर बराच जाड असतो, बेचक्यांत आणि हाताच्या पाठीवर पातळ. साबणाचा त्रास बेचक्यांतून आणि बोटांच्या पाठीवरून सुरू होतो तो म्हणूनच.

सर्फॅक्टंट म्हणजे साबण, शाम्पू, लिक्विड, पावडर या सगळ्यांतला खरा काम करणारा पदार्थ. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. कढईचं तेल सुटतं ते यामुळे. पण कढईवरचं तेल आणि त्वचेतला मेद यांत तो फरक करत नाही. शिवाय ऋणभारित सर्फॅक्टंट त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतात. प्रथिन फुगतं, त्याची घडी सैल होते. हात धुतल्यावर क्षणभर मऊ आणि सुरकुतलेले वाटतात आणि दहा मिनिटांत ताणल्यासारखे होतात, ते याचंच दृश्य रूप. नळाखाली कितीही धुतलं तरी चिकटलेला थोडा अंश कातडीवर राहतोच.

तिसरी गोष्ट पीएचची, म्हणजे आम्लता मोजायच्या मापाची: 7च्या खाली आम्ल, 7च्या वर अल्क. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 4.5 ते 5.5. हे आम्ल आवरण शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी 1928 मध्येच वर्णन केलं होतं. सिरॅमाइड तयार करणारी एन्झाइमं याच आम्लतेत नीट चालतात. पीएच वर गेला की ती मंदावतात, आणि पेशींमधले दुवे तोडणारी दुसरी एन्झाइमं जोरात येतात. पापुद्रे सुटतात ते इथून.

आता मुद्द्याचं. या धक्क्यानंतर लाली काही दिवसांत ओसरते. पण भिंत पूर्ववत व्हायला चार आठवडे लागू शकतात, कधी त्याहूनही जास्त. त्या काळात हात दिसायला बरे असतात, पण पूर्वी जेवढ्या साबणाने काहीच झालं नसतं, तेवढ्याने आता पुन्हा आग होते. ट्यूबमधलं स्टिरॉइड सूज उतरवतं, हे खरं. भिंत बांधायचं काम ते करत नाही, उलट बरेच दिवस लावलं तर कातडी आणखी पातळ करतं. पाचव्या दिवशी हात बरे दिसले म्हणून परत त्याच मोरीवर त्याच पद्धतीने बसलं, की दुखणं नवीन येत नाही, जुनंच चालू राहतं.

आधी खात्री करा: हे साबणाचंच आहे का?

प्रत्येक फुटलेला हात सर्फॅक्टंटमुळे फुटलेला नसतो. काही खुणा पाहण्यासारख्या आहेत.

उजव्या हाताने काम करणाऱ्या व्यक्तीच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यांचीच टोकं कोरडी, फुटलेली असतील तर लसणाकडे बघा. लसूण आपण डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरतो आणि उजव्या हाताने सोलतो किंवा चिरतो. लसणातलं डायअलिल डायसल्फाइड हे याचं नेहमीचं कारण, आणि ते साध्या हातमोज्यांतूनही आरपार जातं. साबण बदलून इथे काही उपयोग नाही. सोललेला लसूण आणा किंवा सोलायचं काम दुसऱ्याकडे द्या.

एकाच तळहाताला कोरडी, पिठासारखी साल निघत असेल आणि पायांनाही बोटांच्या सापटीत तसंच असेल तर बुरशी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मेडिकलमधली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब लावणं सगळ्यात वाईट. तिच्यातल्या स्टिरॉइडने खाज थांबते आणि बुरशी आत आरामात पसरते. नखाच्या मुळाशी सूज, दुखरेपणा, म्हणजे नखुरडं, वारंवार होत असेल तर ते मात्र हात सतत ओले राहण्याशी जोडलेलं असतं. बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक, खोल फोड आणि भयंकर खाज हा वेगळा प्रकार, तो डॉक्टरांनाच दाखवा. आणि हातांबरोबर चेहरा, पापण्या, मान, कोपराची घडी असा उघडा भाग जळत असेल आणि घराभोवती गाजरगवत माजलेलं असेल, तर लिक्विडच्या बाटलीला दोष देऊ नका.

साबणाच्या त्रासाची स्वतःची ओळख सांगायची तर: खाजेपेक्षा आग आणि ताण जास्त, दोन्ही हातांना, बेचक्यांत, बोटांच्या पाठीवर, आणि अंगठीखाली. अंगठीची जागा मुद्दाम तपासा. भांडी झाल्यावर हात धुवा, पुसा, मग अंगठी वर सरकवून बघा. आतल्या कडेला पांढरट ओलसर पट्टा दिसतो. तो फेसाचा उरलेला थर. तो तिथे तासनतास झाकलेला राहतो, आणि झाकलेल्या कातडीत सर्फॅक्टंट कितीतरी जास्त शिरतं. पाटल्या-बांगड्यांखालीही हेच. अंगठी सोन्याची असेल तर “सोनं बाधलं” असं घरात ठरतं आणि सोनाराकडे फेरी होते. खोट्या दागिन्यातलं निकेल खरोखर बाधू शकतं, पण तेव्हा तेच कानातल्याखाली आणि घड्याळाच्या बकलाखालीही दिसायला हवं.

लहानपणी ज्यांना कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत एक्झिमा होता, किंवा दमा, सततची सर्दी-शिंका आहे, त्यांची भिंत मुळातच कच्ची असते. एकाच मोरीत दोन जावा भांडी घासतात, एकीचे हात मऊ आणि दुसरीचे रक्ताळलेले, याचं उत्तर बरेचदा इथे मिळतं. “तिला कसं काही होत नाही?” हा टोमणा कृपया बंद करा.

दिवसाचा हिशेब मांडा

आता खरं काम. कोणता ब्रँड वाईट, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी तो शेवटी ठेवते. एका धुण्याने काही बिघडत नाही. दिवसभरातल्या सगळ्या धुण्यांची बेरीज बिघडवते. सकाळी चहाची भांडी, डबे, आंघोळीचा साबण, बाळाचे कपडे, पोळ्यांआधी हात धुणं, फरशी, दुपारची भांडी, रात्रीची भांडी, डोक्याला शाम्पू. दोन धुण्यांमध्ये कातडीला सावरायला वेळच मिळत नाही. दिवाळीच्या आधी हे टोकाला जातं. साफसफाई दुप्पट आणि हवा नेमकी कोरडी व्हायला लागलेली.

एक दिवस कागदावर लिहून काढा: किती वेळा हात साबणाच्या पाण्यात गेले, किती गरम पाण्यात, आणि त्यातल्या किती वेळा द्रावण सौम्य होतं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बहुतेक घरांत लिक्विड थेट घासणीवर ओततात. म्हणजे बोटांना जवळजवळ बाटलीतलंच द्रावण लागतं, ज्यात सर्फॅक्टंट शेकडा 10 ते 20 असू शकतं. तेच एक चमचा, म्हणजे 5 मिली, लिक्विड लिटरभर पाण्यात कालवलं तर सर्फॅक्टंट शेकडा 0.1च्या आसपास येतं. शंभरपटीहून जास्त फरक, तोही एका वाडग्याने. भांडी तेवढीच निघतात. तूप-तेलकट कढई तेवढी वेगळी काढा आणि कागदाने पुसून मग घासा.

फेस कमी आला म्हणून आणखी ओतू नका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. प्रयोगशाळेत आम्ही फेसाची उंची मोजतो ती ग्राहकाला फेस हवा असतो म्हणून. पुढे दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसाठी हेच कारखाने मुद्दाम कमी फेसाची पावडर बनवतात, आणि कपडे निघतातच की.

भांड्यांच्या वडीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपल्याकडे अजून तीच जास्त चालते. वडीत साधारणपणे लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनेट असतं, त्याच्या जोडीला सोडा आणि खरखरीतपणासाठी खनिजाची पूड. लिटमसची भावंडं असलेल्या पीएच पट्ट्या रसायनांच्या दुकानात मिळतात. वडीच्या डबीतल्या गाळात एक बुडवून बघा, पट्टी 10च्या आसपासचा रंग दाखवते. कपड्यांची पावडर 10-11. भांड्यांचं लिक्विड बहुधा 7च्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे वडीत तीन मार एकत्र: सर्फॅक्टंट, अल्क आणि घर्षण. त्यात वडी पाण्यात बसून तिचा लगदा झालेला असतो, तो तारेच्या चोथ्याबरोबर बोटांच्या पेरांत भरतो. फुटलेल्या हातांनी पहिली सोडायची वस्तू ही. चुलीची राखही याच गटातली, जुनी आणि नैसर्गिक असली तरी अल्कधर्मीच.

पाणी जड असेल, बोअरचं असेल, तर आणखी भर. साबण कॅल्शियमशी मिळून चिकट साका तयार करतो, आणि 2018 मध्ये ब्रिटनमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं की जड पाण्याने धुतल्यावर कातडीवर सर्फॅक्टंटचा अंश जास्त उरतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बदलणं आपल्या हातात नसतं. निदान शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्याने करा.

लेबलवर काय बघायचं, कशाला घाबरायचं नाही

सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, याची बदनामी सगळ्यात जास्त. कातडीला ते खरोखर झोंबतं. इतकं खात्रीने झोंबतं की त्वचेवर प्रयोग करताना मुद्दाम जळजळ निर्माण करायला जगभर तेच वापरतात. त्याची बारा कार्बनची साखळी त्रास द्यायला नेमकी सोयीची लांबी. पण त्याने कॅन्सर होतो, हे जे फॉरवर्ड गेली पंचवीसेक वर्षं फिरतंय त्याला आधार नाही. झोंबणं आणि कॅन्सर या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याचा मवाळ भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट, एसएलईएस. शाम्पूंत बहुधा हाच असतो. तो बनवताना 1,4-डायऑक्सेन नावाची अशुद्धी अत्यल्प प्रमाणात राहू शकते, आणि तिला मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने “मानवात कर्करोगजनक असू शकेल” अशा 2बी गटात ठेवलंय. न्यूयॉर्क राज्याने यासाठी कायद्याने मर्यादा घातली: घरगुती स्वच्छतेच्या आणि अंगाच्या साबण-शाम्पूसारख्या वस्तूंत 2023 च्या अखेरीपासून दशलक्षांत 1 भाग. चांगला कारखाना ही अशुद्धी निर्वातात काढून टाकतो. धुऊन टाकायच्या वस्तूतल्या या अशुद्धीमुळे हात फुटत नाहीत, हे लक्षात घ्या.

लेबलवर नुसतं एसएलएस दिसलं म्हणून बाटली फेकायची गरज नाही. सर्फॅक्टंट एकत्र असले की त्यांचे रेणू मिळून गोळे करतात आणि कातडीत शिरणारे सुटे रेणू कमी उरतात. म्हणून एसएलएसमध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेन घातलं की मिश्रण एकट्या एसएलएसपेक्षा सौम्य होतं. यादीतलं नाव आणि बाटलीची प्रत यांचा संबंध इतका सरळ नाही. भांड्यांच्या लिक्विडवर तर बहुतेक वेळा पूर्ण यादी नसतेच, “अ‍ॅनिऑनिक (म्हणजे ऋणभारित) सर्फॅक्टंट” एवढंच लिहिलेलं असतं.

हेच बीटेन मात्र काही थोड्या लोकांना अ‍ॅलर्जी देतं. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटीने 2004 मध्ये त्याला वर्षाचं अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी देणारा पदार्थ, ठरवलं होतं. दोष बरेचदा बीटेनच्या बनावटीत मागे राहणाऱ्या अमाइन नावाच्या रसायनांचा असतो. 2013 चं अ‍ॅलर्जन होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. ते सर्फॅक्टंटही नव्हे. लिक्विड, शाम्पू, ओले पुसणे टिकावेत म्हणून घालतात ते परिरक्षक आहे. “सौम्य”, “वनस्पतिजन्य” म्हणून नावाजलेली अल्किल ग्लुकोसाइडं 2017 मध्ये त्याच यादीत आली. त्यामुळे हिरवं पान छापलेल्या बाटलीला आंधळेपणाने शरण जाऊ नका. रिठा आणि शिकेकाई यांत सॅपोनिन असतं, तेही सर्फॅक्टंटच. डोळ्यात गेलेला रिठा ज्याने अनुभवलाय त्याला वेगळं सांगायला नको.

आंघोळीच्या साबणावर टीएफएम 76 टक्के म्हणजे पहिल्या दर्जाचा, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. तो आकडा साबणातल्या एकूण मेदाचा. साबण चांगला भरीव आहे, लवकर विरघळणार नाही, हे तो सांगतो. पीएच 76 टक्क्यांच्या साबणाचाही 9-10 असतोच. हात फुटलेले असताना सोडियम कोकोइल आयसेथिओनेटवर बनलेली, साबण नसलेली वडी बरी. महाग पडते, म्हणून फक्त हातांसाठी एक तुकडा कापून ठेवा.

अजून एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही: मॉइश्चरायझरच. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं एक्झिमाला दिलं जाणारं अ‍ॅक्वियस क्रीम, त्यात सुमारे 1 टक्का एसएलएस असायचं. 2013 मध्ये तिथल्या औषध नियामकाने इशारा दिला की ते लावून ठेवल्याने, विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलांत, जळजळ होऊ शकते. लंडनहून आलेल्या आत्याने असा मोठा डबा दिलेला असेल तर मागची यादी वाचा.

आता करायचं काय

महिनाभर, हात दिसायला बरे झाले तरी, पुढचं सोडायचं नाही. वाडग्यात कालवलेलं लिक्विड. कोमट किंवा थंड पाणी, कारण गरम पाण्यात तेच सर्फॅक्टंट जास्त त्रास देतं. कामाआधी अंगठी काढून खुंटीला. आत पातळ सुती हातमोजे, वर रबरी. पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ घालायचे नाहीत, आत पाणी शिरलं की लगेच काढायचे. आतून भिजलेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट. रात्री उलटे करून वाळत घाला. मोजे घातल्यावर मनगटापर्यंत नेमकी त्यांच्या आकारात खाज आली तर रबरातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी असेल, तेव्हा विनाइलचे घ्या.

हात धुऊन टिपले की ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावा. चिकट वाटते, मान्य, म्हणून दिवसा थोडी आणि रात्री भरपूर, वर सुती मोजे. खोबरेल चालतं. मोहरीचं तेल, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही भेगांवर लावू नका. हात मळलेले नसतील, फक्त जंतूंची भीती असेल, तर साबणापेक्षा अल्कोहोलचं सॅनिटायझर भिंतीला कमी इजा करतं. भेगांवर ते कडकडून झोंबतं, त्यामुळे लोकांना उलट वाटतं. भेगा मिटल्यावर वापरा.

धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना हे सगळं सांगून भागत नाही. पाच घरांची भांडी करणारीला प्रत्येक घरी वडीच मिळते. मोजे तिने घ्यावेत ही अपेक्षाही चुकीची. वाडगा, लिक्विड आणि मोज्यांची जोडी आपल्या सिंकपाशी ठेवणं हे घरमालकाचं काम आहे, आणि त्याला फार पैसे पडत नाहीत.

महिनाभर हे नीट करूनही त्रास तसाच राहिला, किंवा पुरळ मनगटाच्या वर, पापण्यांवर, मानेवर दिसायला लागलं, तर अ‍ॅलर्जीचा संशय घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. घरातल्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो, मोज्यांची जोडी आणि सध्या लावत असलेल्या ट्यूब सोबत न्या. घरी पट्टीखाली लिक्विड चिकटवून स्वतः प्रयोग करू नका. झाकलेल्या लिक्विडने कोणाचीही कातडी जळेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. तेवढे दिवस पाठ भिजवायची नसते, घामही नको. तेव्हा एप्रिल-मेची किंवा गौरी-गणपतीच्या आठवड्यातली तारीख घेऊ नका.